पाठीवरचा माणूस

“वहिनी, बोलायचं काही नाही. फक्त उचलायचं.”

हिंदुरावभाऊजी हे म्हणाले तेव्हा मी देवघरापुढं फुलवाती वळत बसले होते. ते दाराबाहेर उभे होते. कर्नल म्हणून निवृत्त झालेला माणूस, वर पाच वर्षं आमदार. पण पायातलं काढल्याशिवाय आणि मी ‘या’ म्हटल्याशिवाय त्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. त्या दिवशी मी ‘या’ म्हणायच्या आधीच त्यांनी बोलायला सुरुवात केली, म्हणून मी मान वर केली.

“काय उचलायचं?”

“बेलभंडारा. उद्या दहाला. भैरोबाच्या पायरीवर.”

हातातली वात सुटली. मी ती पुन्हा उचलून घेतली.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं होऊन गेली. आमच्या सोनगीरवाडीत तेव्हा बांधाचा वाद असो की चोरीचा आळ, पंचांकडं मिटला नाही की तो भैरोबाच्या पायरीवर जायचा. पितळी ताटात बेलाची तीन पानं आणि मूठभर हळदीचा भंडारा ठेवायचा. उचलणाऱ्यानं सकाळपासून पोटात काही घ्यायचं नाही, पाय धुऊन यायचं. गुरव तीनदा विचारणार आणि तिसऱ्या खेपेला, विचारलेलं खरं असेल तर, ताट उचलून कपाळाला लावायचं. तोंडानं काही म्हणायचं नसतं. ताट कपाळाला लागलं की वाद संपला. त्यावर पुन्हा कुणी बोललाच तर गाव त्याला गप्प करी.

भाऊजींच्या मागून पोपटराव जगदाळे पुढं आले. कारखान्याचे संचालक, आणि भाऊजींच्या प्रचाराचं सगळं तेच बघायचे. त्यांनी दारातूनच मला वाकून नमस्कार केला. निवडणुकीच्या दिवसांत ते जरा जास्तच वाकत.

“वहिनीसाहेब, उत्तमराव शेडगे शनिवारच्या बाजारात काय बोलला ते ऐकलंत ना?”

ऐकलं होतं. सगळ्या तालुक्यानं ऐकलं होतं. भाऊजींच्या प्रचाराचं एक चित्र गावोगाव भिंतींवर रंगवलेलं होतं. धुरातून चाललेला एक फौजी अधिकारी, त्याच्या पाठीवर जखमी जवान, आणि खाली, ‘ज्यानं आपल्या माणसाला सोडलं नाही, तो तुम्हाला सोडणार नाही.’ तो पाठीवरचा जवान म्हणजे आमचे मालक. हवालदार सर्जेराव साबळे. भाऊजींचे थोरले चुलतभाऊ. बांगलादेशच्या लढाईत ते गेले. भाऊजी तेव्हा त्याच पलटणीत मेजर होते. दोघं भाऊ एकाच चुलीवरचं खाऊन वाढलेले. धाकटा शिकून अधिकारी झाला, थोरला चौथीतून शाळा सोडून भरती झाला. पलटणीत थोरला धाकट्याला सलाम करायचा आणि सुट्टीवर घरी आले की धाकटा थोरल्याच्या पाया पडायचा. गावाला याचं फार कौतुक होतं.

तर शनिवारी भाऊजींच्या विरोधात उभे असलेले उत्तमराव बाजारात टेबलावर चढून म्हणाले होते, “लढाईत ज्या साहेबाच्या मांडीचं हाड फुटलं, तो दुसऱ्याला पाठीवर घेऊन दीड मैल चालतो कसा? मला एवढंच समजावून सांगा. साहेबाच्या घरातल्या कुणी भैरोबाचा भंडारा उचलून सांगावं, मी माझ्या गाड्यांचे भोंगे त्याच दिवशी उतरवतो आणि घरी जाऊन झोपतो.”

“आणि मतदान चार दिवसांवर आलंय,” पोपटराव म्हणाले. “साहेबांनी स्वतः उचलला तर हा उद्या कोर्टात जाईल. उमेदवारानं देवाच्या नावानं मतं मागितली म्हणून सगळी निवडणूकच रद्द. तुम्ही कुठं उमेदवार आहात? आणि तुम्ही उचलल्यावर कोण शंका घेईल? अहो, या तालुक्यात पोरंटोरं ‘सगुणाकाकूच्या दिव्याशप्पथ’ म्हणतात.”

“तशी शपथ घेऊ नये,” मी म्हणाले.

“हेच, हेच!” पोपटराव खूश झाले. “अशी माणसं आता राहिलीत कुठं?”

दिव्याचं सांगायला हवं. मालक लढाईवर गेले त्या आठवड्यात मी नेम धरला. रोज पहाटे भैरोबाच्या देवळात जाऊन नंदादीपात तेल घालायचं, वात पुढं सारायची, आणि दिवा उजळेपर्यंत पाणी प्यायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. ते परत येईपर्यंतचा नेम होता. ते आले नाहीत. मग तो सोडायचा कधी, हे कुणाला विचारावं ते मला कळलं नाही, म्हणून चालूच राहिला. बाकी माझ्यात काही विशेष नव्हतं. बालवाडीत मुलं सांभाळायची आणि भाऊजींचं घर बघायचं. भाऊजींच्या पत्नी, आमच्या सुशीलाबाई, लवकर गेल्या. माझ्या लेकीला, वैजयंतेला, भाऊजींनी पोटच्या मुलीसारखं शिकवलं. तिच्या लग्नात बाप म्हणून तेच उभे राहिले.

पोपटराव गेले. भाऊजी गेले नाहीत. त्यांनी गड्याकडून बूट काढून घेतले आणि तो गेल्यावर मी सरकवलेल्या पाटावर अवघडून बसले. डावा पाय त्यांना मुडपता येत नसे, तो ते काठीसारखा पुढं टाकत.

“खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि मला. तिसरं कुणी नाही.”

मी देवाकडं पाहिलं. त्यांनीही पाहिलं आणि नजर खाली घेतली.

“मी तोंडानं कधी सांगितलेलं नाही, वहिनी. एकाही सभेत नाही. भिंतीवरचं ते चित्र पोपटरावानं काढून आणलं, मी गप्प बसलो, एवढंच.”

“मी पण गप्पच बसले.”

“म्हणून तर म्हणतो. उद्याही तेच. गुरव बोलेल, तुम्ही फक्त उचलायचं.” मग म्हणाले, “वरच्या नऊ गावांचा कालवा मंजुरीला आलाय. मी पडलो तर उत्तमराव तो खाली आपल्या उसाकडं वळवणार. त्या नऊ गावांतल्या बायका तीन-तीन मैलांवरून पाणी आणतात, ते तुम्ही बघितलंय. एका जुन्या गोष्टीपायी ते घालवायचं का?”

“तुम्ही उचलला असता का, भाऊजी?”

त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. “मी फौजी माणूस. माझा देवधर्म तुमच्याइतका नाही.”

“ते नाही विचारलं.”

ते उठले. उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. मी पुढं झाले नाही. त्यांना ते आवडत नसे. दारात जाऊन ते म्हणाले, “मी तुमच्यावर जोर करत नाही.” ते खरंच होतं. त्यांनी माझ्यावर कधीच कशाचा जोर केला नव्हता. तोच तर माझा घोर होता. जोर केला असता तर नाही म्हणायला सोपं गेलं असतं.

लढाईनंतर चार महिन्यांनी ते गावात आले होते तेव्हाही असेच दारात थांबले होते. दोन कुबड्या, प्लास्टरमधला पाय. माझ्या उंबऱ्यावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं होतं, काही न ठेवता. सांगता सांगता रडले होते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार होता. हेडमास्तर भाषणात म्हणाले, ‘मेजरसाहेबांनी स्वतः जखमी असताना आपल्या वडील बंधूंना पाठीवर वाहून आणलं.’ मास्तरांनी ते कुठं ऐकलं कोण जाणे. टाळ्या पडल्या. मी बायकांच्यात पदर पुढं ओढून बसले होते. मला वाटलं, आता ते उठतील. ते उठले तेव्हा मला वाटलं, आता सांगतील. ते एवढंच म्हणाले, “दादासारखा माणूस पुन्हा होणार नाही,” आणि खाली बसले. पोरांनी त्यांना खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं. मालक त्या दिवसापासून भाऊजींच्या पाठीवर बसले ते कुणी उतरवलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखा दिवा लावला. पाणी मात्र प्याले नाही. दहाला पुन्हा देवळाकडं गेले तेव्हा पटांगण भरून गेलं होतं. एका बाजूला आमच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला उत्तमरावांच्या. भोंगे बंद ठेवले होते. मधे कुणीतरी भेळेचा गाडासुद्धा लावला होता.

“सगुणाकाकू आल्या, सरा, सरा!”

“काकू, जरा लवकर उचला बरं का, आम्हाला लग्नाला जायचंय,” कुणीतरी मागून म्हणालं आणि हशा पिकला.

“तुझ्याच लग्नाला का रं? मग कशाला घाई करतोस, मर तिकडं सावकाश!” एक म्हातारी म्हणाली. आणखी हशा पिकला.

नाना गुरव पायरीवर ताट घेऊन बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस. त्यांना दिसायचं कमी, पण पायांच्या आवाजावरून मला ओळखायचे. रोज पहाटे तेवढाच आवाज ते ऐकत आलेले.

“पाय धुतलं का, सगुणे?”

“धुतले, नाना.”

“पोटात काय न्हाई ना?”

“नाही.”

“मग बस हितं. घाबरू नको. द्येव काय खात न्हाई.” मग हळूच म्हणाले, “खऱ्याला.”

भाऊजी खाली वडाच्या पारापाशी उभे होते. पांढरा झब्बा, डोक्याला फेटा, पाठ ताठ. पोपटराव त्यांच्या कानाशी. पलीकडं उत्तमराव शेडगे हाताची घडी घालून उभे. ते माझ्याकडं बघत नव्हते. शत्रू असला तरी गावचा माणूस. विधवा बाईला देवापुढं बसायला लावलं, याची त्यांनाही थोडी लाज वाटत असावी.

पोपटरावांनी कागदावर लिहून आणलेलं नानांना वाचून दाखवलं. नानांनी ते मनाशी घोळवलं आणि मोठ्यानं म्हणाले, “भैरोबाच्या पायरीवर इचारतो. सर्जेराव साबळे जखमी झाला, तवा हिंदुराव साबळ्यानं त्याला पाठीवर घेऊन आणला. हे खरं असंल तर सर्जेरावच्या बायकूनं भंडारा उचलावा. येक.”

ताटातला भंडारा पिवळाधमक होता. बेलाची पानं ताजी, देठाशी ओली. मी हात मांडीवर ठेवून बसले होते.

मला आठवत होत्या ठकूबाई. वर खडकवस्तीच्या धनगरवाड्यावर राहायच्या. त्यांचा मुलगा, दगडू झोरे, मालकांच्याच तुकडीत होता. एकोणीस वर्षांचा. मालकांचा देह मिळाला; त्याचा मात्र पाण्या-चिखलात मिळाला नाही. सरकारी कागदावर ‘बेपत्ता’ लिहिलेलं आलं. ठकूबाई दरसाल चैत्रातल्या यात्रेला खाली उतरायच्या, देवाला नारळ फोडायच्या आणि मग माझ्याजवळ येऊन बसायच्या. “माज्या दगड्याचं काय कळलं का गं बाई? तुजा दीर मोठा सायेब हाय.” मी नाही म्हणायचे. “त्याची घोंगडी दरसाल उन्हात घालते,” त्या सांगायच्या, “कसर लागू देत न्हाई. कळलं तर सांगशील न्हवं मला?” मी म्हणायचे, “सांगीन.” देवाच्या दारात, त्याच पायरीवर. अठरा वर्षं मी ‘सांगीन’ म्हणत होते. गेली दोन सालं त्यांना घाट उतरवत नव्हता. नारळ तेवढा येणाऱ्याच्या हाती यायचा, आणि निरोप, ‘सगुणाबाईला इचार, काय कळलं का.’

यातलं मी भाऊजींना कधीच सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरात राहायचं, ज्यांनी लेकीला मोठं केलं, त्यांना हे काय म्हणून सांगायचं?

“दोन,” नाना म्हणाले. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

पोपटराव दुरून हातानं खूण करत होते, तिसऱ्याला, तिसऱ्याला. त्यांना वाटलं, मी विसरले.

नानांनी तिसऱ्या खेपेला तोंड उघडलं आणि मी म्हणाले, “नाना, थांबा.”

माझा आवाज मुळात लहान. पहिल्या दोन ओळींपलीकडं तो गेला नसेल. पण सगळ्यांनी मला बोलताना पाहिलं, आणि बोलायचं नसतं हे सगळ्यांना माहीत होतं.

“भाऊजी,” मी म्हणाले, “जरा जवळ या.”

ते आले. पायऱ्यांच्या खाली थांबले.

“खडकवस्तीच्या ठकूबाई दरसाल यात्रेला याच पायरीवर येऊन बसायच्या, गेली दोन सालं निरोप धाडतात. दगडूचं काय कळलं, म्हणून मला विचारतात. अजून त्याची घोंगडी उन्हात घालतात. मी दरसाल गप्प बसले. ते एक वेळ देव पदरात घेईल. पण आता हातात भंडारा घेऊन गप्प बसू का, ते तुम्ही सांगा. तुम्ही उचल म्हणालात तर उचलते.”

भाऊजींचा चेहरा मी इतक्या वर्षांत इतका जवळून कधी पाहिला नव्हता. “त्या यायच्या?” त्यांनी विचारलं. “इथं?”

“दरसाल.”

“मला वाटलं, त्या...” पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं. त्यांना वाटलं होतं की म्हातारी केव्हाच गेली असेल. किंवा तसं वाटून घेणं त्यांना बरं पडलं असेल.

“साहेब,” पोपटराव धावत आले, “काय झालं? बाईंना बरं वाटत नाही का? आपण जाहीर करू, चक्कर आली म्हणून. उन्हात बसलेल्या...”

भाऊजी वाकून बूट काढायला लागले. डावा बूट त्यांना एकट्याला निघत नसे, घरी गडी काढायचा. त्यांनी तो ओढून ओढून काढला. पोपटरावांच्या आता लक्षात आलं.

“साहेब, तुम्ही उमेदवार आहात! हात लावलात तर निवडणूक रद्द होईल!”

“त्यासाठी आधी निवडून यायला लागतं, पोपटराव.”

ते पाय ओढत पायऱ्या चढले आणि माझ्या शेजारी, एक पाय पुढं टाकून, खाली बसले. ताट त्यांनी दोन्ही हातांनी उचललं. कपाळाला नाही लावलं. छातीशी धरलं आणि बोलायला लागले. भाषणात ते हात वर करून बोलायचे. आता हात ताटात गुंतले होते, त्यामुळं आवाजही साधा निघाला.

“गोळी आधी मला लागली. मांडीत. भाताच्या शेतात, गुडघाभर पाण्यात. मला चालता येत नव्हतं. दादानं मला पाठीवर घेतलं. दीड मैल. पाठीवर मी होतो.”

त्यांनी ताट छातीशी आणखी घट्ट धरलं.

“त्यानं मला बंधाऱ्यामागं आणून टाकलं. दगडू झोरे आमच्यामागून येत होता, तो बंधाऱ्याच्या अलीकडं शंभर पावलांवर गोळी लागून पडला होता, हाका मारत होता. दादा परत निघाला. मी हुकूम दिला, जायचं नाही. तो माझा हवालदार होता. त्यानं तोवर माझा एकही हुकूम मोडला नव्हता. वर्दीत मला त्यानं कधी ‘तू’ म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाला, ‘हिंदू, त्याच्या आईनं माझ्या हातात हात दिलाय त्याचा. मी नाही आलो, तर तू स्वतः जाऊन म्हातारीला सांग. चिठ्ठी धाडू नको.’ मी हो म्हणालो. दादा दगडूपर्यंत पोचला. दगडूचा प्राण दादाच्या मांडीवर गेला. दादाला त्यानंतर लागली. दोन्ही मी डोळ्यांनी बघितलं.”

त्यांनी मान वर करून खडकवस्तीच्या चढणीकडं पाहिलं.

“दगडू बेपत्ता नाही. तो गेला. इस्पितळातून मी बाहेर आलो तेव्हा कागद पुढं गेला होता. एक अर्ज करायचा होता, तेवढ्यानं तो दुरुस्त झाला असता. केला नाही. केला असता तर बाकीचंही लिहावं लागलं असतं. खडकवस्ती इथून तीन कोस. या पायावर मी मोर्चे काढले, सभा केल्या, मुंबईला जिने चढलो. तिकडं गेलो नाही.”

मग त्यांनी ताट कपाळाला लावलं. भंडारा भुवयांवर, फेट्यावर सांडला.

नाना गुरवांनी विचारलं, “झालं का?”

“झालं.”

“मग ठिव खाली. जड असतंय ते.”

लोक लगेच पांगले नाहीत. काय करावं ते कुणाला सुचत नव्हतं. कुणी टाळी वाजवली नाही आणि कुणी हुर्योही केली नाही. भेळवाल्यानं गाडा ढकलायला घेतला त्याची चाकं तेवढी वाजली. पोपटराव पाराला टेकून उभे होते. “चार दिवस,” ते कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाले, “चार दिवस गप्प बसायचं होतं.” उत्तमराव शेडगे आपल्या माणसांना म्हणाले, “चला. भोंगे लावू नका हितून.” गाड्या आवाज न करता गेल्या. ओढा ओलांडल्यावर मात्र भोंगे लागले.

पुढं निवडणुकीचं काय झालं ते जिल्ह्याला माहीत आहे. भाऊजी पडले. त्यांना सोनगीरवाडीतसुद्धा कमी मतं पडली, पण बूथवरची पोरं सांगत होती की वरच्या नऊ गावांनी मात्र त्यांना मतं द्यायला हात राखला नाही. कालवा झाला, अकरा वर्षांनी. त्यावरच्या कोनशिलेवर उत्तमरावांचं नाव आहे. आधी तो थोडा खाली वळला आणि मग वर गेला. बायकांना पाणी मिळालं, ते महत्त्वाचं. पोपटराव पुढच्या निवडणुकीत उत्तमरावांच्या गाडीत होते आणि मला पाहून तसेच वाकायचे.

पण मला सांगायचं होतं ते दुसऱ्या दिवशी पहाटेचं.

मी नेहमीच्या वेळी उठले, तांब्या आणि तेलाची वाटी घेतली आणि बाहेर आले. भाऊजी ओट्यावर बसले होते. अंगात साधा सदरा, पायात पलटणीतले जुने बूट. डाव्याची नाडी सुटी होती. जवळ काठी. फेटा नव्हता; कपाळावर कालच्या भंडाऱ्याचा पिवळा डाग तसाच होता. प्रचाराची जीप काल संध्याकाळीच पोपटरावांची माणसं घेऊन गेली होती, पण असती तरी खडकवस्तीला जीप जात नव्हती.

त्यांनी मला पाहिलं आणि बोट ओठावर ठेवलं. “बोलू नका. नेम आहे तुमचा.”

मी तांब्या खाली ठेवला, बसले, आणि त्यांच्या बुटाची नाडी बांधली. त्यांनी पाय मागं घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

“काय सांगायचं ते रात्रभर जुळवलं,” ते म्हणाले. “जुळलं नाही. दादा म्हणाला होता स्वतः जा. काय म्हणायचं ते काही सांगितलं नव्हतं त्यानं.”

रुमालाच्या गाठीत त्यांनी ताटातला थोडा भंडारा बांधून घेतला होता. तो खिशात घातला, काठी टेकली आणि निघाले. पावलाचा, पाय ओढल्याचा आणि काठीचा असा तिहेरी आवाज गल्लीतून दूर गेला.

मी देवळात गेले. नाना जागेच होते. तेल घातलं, वात पुढं सारली. वारा होता, दिवा धरायला नेहमीपेक्षा वेळ लागला. उजळला तेव्हा मी हात जोडले. दारात येऊन पाहिलं तर भाऊजी ओढ्यापलीकडं चढणीला लागले होते. चार पावलं जायचे, थांबायचे, पुन्हा चार पावलं.

“नाना,” मी म्हणाले. त्या दिवसाचा माझा तो पहिला शब्द. “आज बालवाडीला निरोप द्याल का? मी येत नाही म्हणावं.”

“का गं? कुठं निघालीस?”

“मी पण ठकूबाईंना ‘सांगीन’ म्हटलं होतं.”

नानांनी मान हलवली. मी तांब्या त्यांच्या पायरीशी ठेवला, पदर खोचला आणि ओढ्याच्या वाटेला लागले.